क्रँक सेन्सर नवा टाकला, तरी गाडी बंद पडतच होती

गाडी चालता चालता बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की एकदम ठणठणीत. हा त्रास ज्यांना सध्या चालू आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या गाडीतला दोष सापडेपर्यंत २०२४ च्या पाडव्यानंतरचा जवळजवळ महिना गेला. तेव्हा शोधाशोध केली तर मिळालेली माहिती एक तर फार तांत्रिक होती, नाही तर "सेन्सर बदला" एवढ्यावर संपत होती. मधलं काहीच कुणी सांगत नव्हतं.

गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, एमएच १३ पासिंग. मी राहते जुळे सोलापुरात आणि शाळा मोहोळ भागात, त्यामुळे रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर पडतात. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. जाताना हवा बरी, पण परतीचा प्रवास बारा-साडेबाराच्या उन्हात. सोलापूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. हे सगळं आधीच सांगते आहे, कारण पुढे दोष सापडला तो या वेळापत्रकामुळेच.

१२ एप्रिलला पाकणीच्या जवळ पहिल्यांदा झालं. ऐंशीच्या वेगात होते. ॲक्सिलरेटर दाबला तर काहीच नाही, आरपीएमचा काटा सरळ शून्यावर आणि मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले. मागे ट्रक होता. त्या क्षणी छातीत धस्स झालं, ते अजून आठवतं. असं झालं तर काय करायचं ते इथेच सांगते. इंजिन बंद पडलं तरी ब्रेकमध्ये एक-दोन वेळा नीट दाबण्याइतकी ताकद शिल्लक असते, म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरत वेग उतरवा. स्टिअरिंग जड होतं पण वळतं. किल्ली काढू नका, नाही तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे घ्या. मी कडेला घेतली, स्टार्टर मारून पाहिला. इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. ह्यांना फोन लावला. ते निघायच्या तयारीत असतानाच गाडी सुरू झाली, आणि घरापर्यंत काही तक्रार न करता आली.

घराजवळच्या मिस्त्रींनी बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट केले आणि बॅटरी तपासली. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत चौदाच्या आसपास. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. त्याचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत. ही तपासणी सगळ्यात आधी करून घ्यावी असं मला वाटतं, कारण बॅटरीच ढिली असेल तर सेन्सरचे भलतेसलते कोड येतात आणि पुढचा सगळा शोध वाकड्या वाटेने जातो.

२० एप्रिलला पुन्हा तेच, या वेळी सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे. तिथे उभं राहणं धोक्याचं होतं, म्हणून १०३३ ला फोन केला. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे आणि तो चोवीस तास चालतो. पलीकडून महामार्गाचा क्रमांक, कोणत्या दिशेची बाजू आणि जवळचा किलोमीटरचा दगड विचारला. तो रस्त्याच्या कडेलाच असतो, त्याच्यावरचा आकडा वाचून सांगितला. थोड्या वेळात गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू लावले आणि आम्हाला कठड्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. गाडीत बसून राहायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. क्रेन यायच्या आत गाडी सुरू झाली. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सोबत होते. ते म्हणाले, "मॅडम, गार झाली की चालते म्हणजे गरम होण्याशी काही तरी संबंध आहे. कधी बंद पडली, किती वेळ चालवल्यावर, एसी होता का, हे वहीत लिहायला लागा."

त्याच संध्याकाळपासून वही सुरू केली. पुढे इलेक्ट्रिशियनने मशीनच्या आधी तीच मागितली.

२२ एप्रिलला गाडी विजापूर रोडवरच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये टाकली. जॉबकार्ड लिहिताना त्यांनी तक्रारीच्या रकान्यात "स्टार्टिंग प्रॉब्लेम" एवढंच लिहिलं. मी थांबवून लिहून घेतलं: "अर्ध्या तासाहून जास्त चालवल्यावर, दुपारी, चालत्या गाडीत इंजिन बंद, २० मिनिटांनी आपोआप सुरू." सही करण्याआधी हे करून घ्याच. जॉबकार्डवर जे असतं तेवढंच आतल्या मुलापर्यंत पोचतं, काउंटरवर आपण तोंडी काय सांगितलं ते नाही.

स्कॅनिंगचे ५०० रुपये. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीने नोंदलेले बिघाड वाचायची जागा असते, त्यात मशीन लावतात. कोड निघाला पी०३३५. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा बिघाड, त्यापुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड, तीन म्हणजे इग्निशनशी संबंधित, आणि शेवटचे आकडे नेमकी जागा सांगतात: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट.

हा सेन्सर इंजिनचा मुख्य दांडा किती वेगाने फिरतोय आणि या क्षणी कुठल्या स्थितीत आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतो. दांड्यासोबत एक दातेरी चाक फिरत असतं. बऱ्याच गाड्यांत साठ दातांच्या जागेतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीयूला कळतं, दांडा इथे आहे. हा सिग्नल तुटला की ईसीयू ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून गाडी धक्के न देता, लाइट गेल्यासारखी एकदम बंद होते.

गॅरेजने लगेच सेन्सर बदलायला सांगितला. सेन्सर गरम झाल्यावर बिघडणं हे सर्रास होतं, त्यामुळे त्यांचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. पण मी विचारलं, "वायर तपासली का?" उत्तर आलं, "मॅडम, कोड सेन्सरचाच आहे." कोडावरून फक्त एवढं कळतं की ईसीयूला सिग्नल नीट मिळत नाही. मग बिघाड सेन्सरमध्ये असेल, कनेक्टरमध्ये असेल, तिथून ईसीयूपर्यंतच्या तीन वायरींपैकी एकीत असेल, किंवा क्वचित खुद्द ईसीयूत. हा फरक पुढे शांती चौकातल्या इलेक्ट्रिशियन अण्णांनी समजावला, तेव्हा मला तो नीट कळला.

पार्ट सोलापुरात शिल्लक नव्हता, पुण्याहून मागवला. २५ तारखेला आला. कंपनीचा सेन्सर १,४८० रुपये, त्यात २८ टक्के जीएसटी धरलेला. मजुरी ४५० आणि तिच्यावर १८ टक्के वेगळा. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात: "इलेक्ट्रिकल पार्ट परत अथवा बदलून मिळणार नाही." जुना सेन्सर मी मागून घेतला. पार्ट बदलला की जुना मागायचाच, तो आपलाच असतो.

चार दिवस गाडी सुरळीत चालली. त्यातले दोन दिवस ढगाळ होते, हे वहीत होतं म्हणून नंतर लक्षात आलं.

२९ एप्रिलला केगावला विद्यापीठाच्या पुढे आल्यावर पुन्हा बंद. आता मात्र खरंच रडू आलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी निवडणुकीची होती. ७ मेला लोकसभेचं मतदान, आमची ड्यूटी लागलेली, आणि आदल्या दिवशी साहित्य घ्यायला वेळेवर हजर व्हायचं होतं. अशी गाडी घेऊन निघायची हिंमतच होईना. त्या दिवशी गाडी अर्ध्या तासाने सुरू झाली नाही, तासाभरानेही नाही. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं होतं. पॉलिसी क्रमांक, गाडीचा पुढून फोटो, ठिकाण आणि मोबाइलवर आलेला ओटीपी इतकं द्यावं लागलं. टोइंगची गाडी दोन तासांनी आली. पैसे लागले नाहीत, पण एक लक्षात ठेवा. नेहमीच्या मोटर विम्यात इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल बिघाडाची दुरुस्ती बसत नाही. टोइंग मिळतं तेही असिस्टन्स वेगळं घेतलेलं असेल तरच, आणि किती किलोमीटरपर्यंत मिळेल ते पॉलिसीत लिहिलेलं असतं.

गॅरेजचं म्हणणं, आता ईसीयू पाहावा लागेल. अंदाजे खर्च त्यांनी पाच आकड्यांत सांगितला. मी एस्टिमेट लेखी मागितलं आणि गाडी परत घेतली.

मतदानाची ड्यूटी सरांच्या गाडीतून पार पडली. मधल्या दिवसांत मी साडेसहाशे रुपयांचा एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला. २०१३ नंतरच्या जवळजवळ सगळ्या मोटारींना तो चालतो, मोबाइलवर फुकट ॲप मिळतं. एवढ्याशा वस्तूने बराच उलगडा होतो. कोडच्या सोबत "फ्रीझ फ्रेम" नावाची नोंद असते, म्हणजे बिघाड नोंदला त्या क्षणी इंजिनचं तापमान, वेग, आरपीएम काय होतं ते. माझ्या गाडीत तापमान ९६ अंश दिसलं. दुसरं म्हणजे, गाडी बंद पडलेली असताना स्टार्टर मारत ॲपवर आरपीएम पाहायचा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच असेल तर क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतच नाहीये. दोन-अडीचशे दिसत असेल तर क्रँक ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. एकदा सोसायटीच्या आवारातच गाडी उन्हात चालू ठेवली, बंद पडायची वाट पाहिली आणि तपासलं. शून्य. नव्या सेन्सरसकट शून्य.

कोड मात्र आपण होऊन पुसू नका. स्कॅनरवर "क्लिअर" बटण दिसतं आणि हात शिवशिवतात, पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

९ मेला गाडी शांती चौकाकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. फळी टाकलेलं छोटं दुकान, समोर रस्त्यावरच काम. साठीच्या घरातले तेलुगू भाषक गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यापूर्वी क्लच काढला होता का ओ गाडीचा?" जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, क्लचप्लेट बदलली होती. "मग थांबा की ओ मॅडम. आज गाडी ठिवून जावा म्हणत न्हाई मी, बसा. तुमच्यासमोरच दावतो."

पुढचे दोन-अडीच तास मी त्यांच्या बाकावर होते, आणि हे सगळं लिहावंसं वाटलं ते त्या दोन-अडीच तासांमुळे.

सेन्सरच्या कनेक्टरला तीन वायरी होत्या: एक पाच व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. अण्णांनी कनेक्टर काढला नाही. शिवणाच्या सुईसारख्या बारीक पिना मागच्या बाजूने, रबराच्या सीलच्या कडेने आत सरकवल्या आणि मल्टिमीटर लावला. वायरीची साल सोलून किंवा टोचून तपासू देऊ नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं, असं ते म्हणाले. किल्ली ऑन केली. पाचची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ५ व्होल्ट. पाचची वायर आणि सेन्सरची स्वतःची अर्थ वायर यांच्यातही ५. सगळं बरोबर.

मग त्यांनी हीट गन काढली. आधी फक्त सेन्सरवर गरम हवा सोडली, वायरींवर ओला फडका टाकून. मिनिट, दोन मिनिटं, काही फरक नाही. "सेन्सर चांगलाय." मग फडका काढून सेन्सरवर टाकला आणि हवा वायरींवर फिरवायला लागले, कनेक्टरपासून हळूहळू वरच्या दिशेला. गिअरबॉक्सच्या वर, सायलेन्सरच्या पाइपाजवळून वायरी वळतात तिथे हवा पोचली आणि मीटरवरचा आकडा ५ वरून ०.३ वर कोसळला. बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडून पाहिलं तर अजूनही ५. म्हणजे वीज येत होती, पण परत जायची वाट तुटत होती. बिघाड अर्थच्या वायरीत.

हवा बंद केली. आकडा थोडा वेळ थरथरला आणि पुन्हा ५. महिनाभर मला रस्त्यावर उभं करणारी गोष्ट त्या छोट्या पडद्यावर माझ्यासमोर घडत होती. राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

काळी पट्टी उलगडल्यावर कारण दिसलं. वायरींचा जुडगा गिअरबॉक्सवरच्या एका प्लास्टिकच्या क्लिपमध्ये बसवलेला असतो. क्लचच्या कामात ती क्लिप तुटली असणार. ती पुन्हा न लावल्यामुळे जुडगा खाली लोंबून गरम पाइपाच्या जवळ आला होता आणि एका लोखंडी पट्टीच्या कडेवर घासत होता. अण्णांनी अर्थची वायर दोन बोटांत धरून हलकीच ओढली. बाकीच्या दोन ताठ राहिल्या, ही मात्र एका जागी रबरासारखी लांबली. वरचं आवरण जवळजवळ अखंड, आतलं तांबं तुटलेलं. गार असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहायची आणि आवरण तापून ताणलं की सुटायची. तपासून नुसती "बीप" ऐकली असती तर काहीच कळलं नसतं, हेही त्यांनी करून दाखवलं. बॅटरी सोडवून, ईसीयूचा प्लग काढून वायरीची दोन टोकं मोकळी केली. मीटरचा बझर वाजला, वायर चांगली! मग त्याच वायरीतून छोटा बल्ब लावला तर तो जेमतेम लालसर झाला. एखाददुसरी तार टेकली तरी बझर वाजतो, पण भार पेलायला सगळ्या तारा लागतात. बल्बची ही चाचणी ईसीयू जोडलेला असताना कुणाला करू देऊ नका. ईसीयू जळू शकतो.

दुरुस्तीत त्यांनी तिन्ही वायरींचा खराब तुकडा कापला, त्याच जाडीची उष्णता सोसणारी वायर घेतली, सोल्डर केलं आणि प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक नळी बसवली. तिन्ही जोड एकाच रेषेत न ठेवता वरखाली ठेवले, म्हणजे जुडगा एका जागी फुगत नाही. वर नालीदार पाइप आणि नवी क्लिप. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड इंजिनजवळ टिकत नाही; कुणी तसं करत असेल तर तिथेच थांबवा. सामानाचे २६० आणि मजुरी ९०० रुपये झाली. अण्णा सातशे म्हणत होते, मी नऊशे दिले.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. भर दुपारी ह्यांना सोबत घेऊन मोहोळपर्यंत जाऊन आले, एसी लावून, टोलनाक्यावर मुद्दाम गाडी चालू ठेवून. जाताना पाकणी आली तेव्हा हात घामेजले होते, येताना नाही. कोड परत आला नाही. १५ जूनला शाळा सुरू झाली, पाऊसही झाला, तरी आला नाही.

जुना सेन्सर अण्णांनी त्यांच्याकडे लावून पाहिला. तो उत्तम चालू आहे. पिशवीत घालून डिकीत ठेवला आहे, स्पेअर म्हणून.

मोठ्या गॅरेजकडे मी दोन्ही बिलं, फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट आणि कापलेल्या वायरीचा तुकडा घेऊन गेले. अण्णांकडून साध्या पावतीवर "क्रँक सेन्सर अर्थ वायर तुटलेली, जुडगा दुरुस्ती, क्लिप नवीन" असं लिहून सही घेतली होती, तिचा उपयोग झाला. भांडायचं नाही असं ठरवूनच गेले होते. मॅनेजरने तुकडा हातात घेऊन पाहिला, ओढून पाहिला. सेन्सरचे पैसे परत मिळाले नाहीत, पण मजुरीचे ४५० आणि स्कॅनिंगचे ५०० पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करून देतो, असं त्यांनी जॉबकार्डच्या मागे शिक्क्यासह लिहून दिलं. ऑगस्टच्या सर्व्हिसिंगला ते वळते झाले.